ओउलूची आई, कॉर्सिकाची आई

नेदरलँड्समधलं होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यान. झाडाला टांगलेल्या या लाकडी पेटीतली पिल्लं उडून गेली आहेत. तळाशी शेवाळ, पिसं आणि त्यात दडलेले तपकिरी कोष. पिल्लांचं रक्त पिऊन वाढलेल्या माश्यांचे हे कोष.

आता त्यातल्या एका कोषावर नजर ठेवा. वर चढलेली ही काळी, चकाकती परजीवी गांधीलमाशी जेमतेम अडीच मिलिमीटरची आहे. नॅसोनिया व्हिट्रिपेनिस. तिनं सुईसारखी नळी कवचात रोवली आहे. पोट हळूहळू खाली जातंय. आत अंडी पडताहेत.

मुलगा की मुलगी, हेही तीच ठरवते. अंडं फलित केलं तर मादी, नाही केलं तर नर. नरांचे पंख खुरटे, उडता येत नाही. बाहेर पडले की तिथेच थांबून आपल्याच बहिणींशी जुगतात. त्यामुळे आई एकटीच असेल तर मोजकेच मुलगे पुरतात. त्याच कोषात आधी दुसरी मादी अंडी घालून गेली असेल, तर मात्र नंतर आलेली ही मादी मुलग्यांची संख्या वाढवते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये मांडलेलं गणित ते हेच. म्हणजे जशी वस्ती, तसं मुलामुलींचं प्रमाण. अमेरिकेतल्या युटामध्ये तर काही नरांच्या अंगात एक जादा गुणसूत्र सापडलं. ते बापाची बाकीची गुणसूत्रं नष्ट करतं आणि मुलगी व्हायची तिथे मुलगा होतो.

आणि ही नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगेन शहरातली प्रयोगशाळा. या नळ्यांतल्या गांधीलमाश्यांचं मूळ भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिकापासून फिनलंडच्या ओउलूपर्यंत पसरलेलं. इथे सगळ्यांना उजेड सारखा, खाणं सारखं. दिवस आखूड होऊ लागले की आई ते मोजते. ठरावीक दिवस भरले की तिची पुढची पोरं अळी असतानाच वाढ थांबवून निजतात. पण आखूड दिवस म्हणजे किती तासांचा? कॉर्सिकाच्या आईला अजून उन्हाळाच वाटतो, तेवढ्याच दिवसाला ओउलूची आई हिवाळ्याची तयारी करते. जात एकच, हिशेब मात्र ज्या त्या गावचा. शरीरातलं घड्याळ चालवणाऱ्या 'पिरियड' जनुकाचे प्रकारही दक्षिणेकडून उत्तरेकडे बदलत जातात.

थंडी उशिरा येऊ लागली, तरी दिवसाची लांबी आहे तेवढीच राहणार आहे.

कोष फोडल्यावर दिसणाऱ्या या पांढऱ्या अळ्या निजलेल्या आहेत. फ्रीजमध्ये त्या वर्षाहून जास्त काळ अशाच राहतात. मग ऊब मिळते. कवचाला बारीक भोक पडतं, आणि आधी बाहेर येतात ते खुरट्या पंखांचे नर. भोकाशीच थांबतात.