राजधानीनं मेट्रो बांधावी, पण दुरुस्ती शिकून

नमस्कार मंडळी. आज जरा लांबच्या गावांबद्दल बोलणार आहे, ढाका, अदिस अबाबा, कैरो, आणि आपली दिल्ली पण. विषय असा, की ज्या देशाच्या तिजोरीत पैसा कमी, त्या देशाच्या राजधानीनं मेट्रो बांधावी का, तीही जमीन पोखरून. तुम्ही म्हणाल नाशिकमध्ये बसून हे कशाला, तर २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते ते आठवत असेल, रबरी टायरची निओ मेट्रो, गंगापूरपासून थेट नाशिकरोडपर्यंत, पेपरात रंगीत नकाशे आले, आणि आज द्वारकेच्या चौकात उभं राहिलं तर त्यातला एक खांब पण दिसत नाही. म्हणून हा विषय आपलाही आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बांधावी. पण ज्या देशानं ती स्वतः दुरुस्त करायची तयारी केलीये त्यानंच.

आधी बांधावी का म्हणतो ते सांगतो. ढाका घ्या. दोन कोटींवर लोक, चहूबाजूंनी नद्या, रस्ते अरुंद, आणि त्याच रस्त्यावर सायकलरिक्षा, सीएनजी (म्हणजे तिथली ऑटोरिक्षा), खाजगी बस, ट्रक सगळं एकात एक अडकलेलं. तिथल्या बस वेगवेगळ्या मालकांच्या, पुढच्या स्टॉपवरचा पॅसेंजर आपल्यालाच मिळावा म्हणून एकमेकींशी शर्यत लावणाऱ्या, आणि अशाच शर्यतीत २०१८ च्या जुलैमध्ये कॉलेजची दोन पोरं चिरडली गेली, तेव्हा शाळेच्या गणवेशातली मुलं रस्त्यावर उतरून स्वतः ड्रायव्हरांची लायसन्सं तपासायला लागली होती. अशा शहरात रस्ता रुंद करायचा म्हटलं तर कुणाचं घर पाडणार? २०२२ च्या डिसेंबरात तिथं पहिली मेट्रो सुरू झाली, उत्तरा ते आगारगाव, पुढच्या वर्षी मोतीझीलपर्यंत गेली, वीसेक किलोमीटरचा मार्ग, सगळा खांबांवरून, आणि जिथं रस्त्यानं दीड-दोन तास सहज जायचे तिथं आता चाळीस मिनिटांच्या आत माणूस पोचतो. रोज कामावर जाणाऱ्याचे हे तास वाचतात ना, ते कुठल्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले नसतात, पण त्याच्या घरच्यांना विचारा त्याची किंमत.

ह्याच्यावर लोक म्हणतात, अहो एवढ्या पैशात बस किती येतील. बरोबर आहे, आणि हे म्हणणाऱ्याला मी उडवून लावणार नाही. कोलंबियाच्या राजधानीनं, बोगोटानं, २००० साली तेच केलं, बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी लेन, स्टेशनं, आधी तिकीट मग बस, आणि जगभरातले अधिकारी ते बघायला गेले. काम झकासच होतं. पण काही वर्षांत त्या बस इतक्या भरल्या की दारात लटकायला जागा नाही, आणि आता तेच बोगोटा मेट्रोचे खांब उभे करतंय, जिची चर्चा तिथं १९४० च्या दशकापासून चालू होती. म्हणजे बस आधी हवीच, पण राजधानी मोठी झाली की एका टप्प्यानंतर नुसत्या बसवर भागत नाही.

आता मुख्य मुद्द्याला येतो, आणि इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी सगळी नोकरी नाशिकरोडला रेल्वेच्या ट्रॅक्शन मोटरी दुरुस्त करण्यात गेली. इंजिनाच्या चाकाला फिरवते ती मोटर. ती आमच्याकडं यायची तेव्हा उघडली की आत कार्बनचा काळा थर, हाताला, नाकाला, डब्यातल्या पोळीला पण लागायचा. मग आर्मेचर, म्हणजे मोटरीचा आत फिरणारा भाग, धुवायचं, ओव्हनमध्ये वाळवायचं, मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, रीडिंग कमी आलं की परत ओव्हनमध्ये, आणि वाइंडिंगच जळालं असेल तर सगळं तांबं काढून नव्यानं भरायचं. बेअरिंगला कान लावून सांगणारे लोक होते आमच्यात, ही महिनाभर काढेल, ही नाही काढणार. हे कुठल्या उद्घाटनाच्या भाषणात येत नाही पण गाडी धावते ती ह्याच्यावर.

इथिओपियाच्या राजधानीचं, अदिस अबाबाचं, वाचलं तेव्हा म्हणून फार वाईट वाटलं. २०१५ च्या सप्टेंबरात तिथं लाइट रेल, म्हणजे मेट्रोपेक्षा हलकी शहरी रेल्वे, सुरू झाली. भुयारी नाही, काही खांबांवरून काही जमिनीवरून, दोन मार्ग मिळून तीसेक किलोमीटर, खर्च साधारण ४७.५ कोटी डॉलर, आणि त्यातला बहुतेक पैसा चीनच्या सरकारी एक्झिम बँकेचं कर्ज. बांधली पण चिनी कंपनीनं, तीन-साडेतीन वर्षांत. तिकीट गरिबाला परवडेल इतकं कमी ठेवलं, हेही चांगलंच. पण मग चाकं झिजली, सुटे भाग हवे झाले, ते मागवायचे तर डॉलर हवेत आणि देशात डॉलरचाच दुष्काळ, तिकिटाच्या पैशातून चालवायचा खर्च पण निघेना. सुरुवातीला ४१ गाड्या होत्या, काही वर्षांत त्यातल्या निम्म्याहून जास्त डेपोत उभ्या. विहीर खोदायला कर्ज मिळतं, पण पंप जळाला की तो भरायचे पैसे आपल्याच कनवटीला लागतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

दिल्लीनं हेच वेगळ्या पद्धतीनं केलं. तिथंही कर्जच होतं, जपानचं, पहिल्या टप्प्याच्या खर्चातला साठ टक्क्यांच्या आसपास वाटा, व्याज कमी आणि फेडायला मोठी मुदत. २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी पहिली गाडी धावली, ती जमिनीवरून आणि पुलावरून, आणि भुयार आलं दोन वर्षांनी, जिथं जुन्या दिल्लीच्या गर्दीत दुसरा इलाजच नव्हता तिथं. पहिल्या ६५ किलोमीटरमधलं फक्त १३ किलोमीटर जमिनीखाली. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, भुयार हे खांबांपेक्षा कितीतरी महाग, म्हणून ते मोजूनच खणायचं. आणि डबे? पहिले कोरियातून आले, पण करारातच होतं की उरलेले बंगळुरूला बीईएमएल ह्या सरकारी कारखान्यात बनणार. म्हणजे आपल्या पोरांनी ते डबे नुसते धुतले-पुसले नाहीत, जोडले. जोडलं की उघडता येतं, उघडता आलं की दुरुस्त करता येतं. दिल्ली मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख श्रीधरन साहेब, त्यांच्या वेळेवर काम पूर्ण करण्याचं कौतुक सगळेच करतात आणि ते व्हायलाच हवं, कारण त्याआधी कोलकात्यात १९७२ ला पायाभरणी झाली आणि पहिली गाडी १९८४ ला, तीही साडेतीन किलोमीटर, मधली बारा वर्षं लोक उकरलेल्या रस्त्यांतून वाट काढत होते. पण मला विचाराल तर दिल्लीची खरी कमाई त्या करारातली ती अट आहे.

ढाक्याचं एक राहिलं, आणि ते मला फार आवडतं. २०२४ च्या जुलैच्या आंदोलनात मीरपूर-१० आणि काझीपारा ही दोन स्टेशनं फोडली गेली. वर्ष लागेल दुरुस्तीला, असं तेव्हा सांगितलं जात होतं. तिथल्या माणसांनी दुसऱ्या स्टेशनांवरची काही यंत्रं आणून बसवली, आणि काझीपारा सप्टेंबरात, मीरपूर ऑक्टोबरात उघडलं पण! ज्या शहराला हे जमतं त्यानं खुशाल भुयार खणावं.

कैरोनं तर सगळ्यात शहाणपणा केला. १९८७ ची त्यांची पहिली लाइन म्हणजे मुळात दोन जुन्या रेल्वे, एक हेलवानकडून येणारी एक उत्तरेकडून, दोन्ही शहराच्या मध्यभागाजवळ येऊन थांबायच्या, त्यांना जोडायला मध्ये फक्त चारपाच किलोमीटरचं भुयार खणलं. एवढंच. आफ्रिकेतली पहिली मेट्रो झाली.

आणि स्टेशनपर्यंत माणूस कसा येणार, ह्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, तो पहिला व्हायला हवा. आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातला पादचारी भुयारी मार्गच बघा, बांधला तेव्हा सोय म्हणून बांधला, पण म्हातारी बाई हातात पिशवी घेऊन ते जिने उतरून परत चढणार नाही, ती वरूनच पळत रस्ता ओलांडते, जीव मुठीत धरून. भुयार आहे, वापर नाही. सिडकोतून निघालेल्या कामगाराला मेट्रोपर्यंत न्यायला बस नसेल, फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतील, तर तो आपली मोटरसायकलच काढणार ना, त्याचं काय चुकलं?

नाशिकला भुयाराची गरज आज तरी मला दिसत नाही. आपल्याला आधी बस हव्यात, भरपूर आणि रोज, कारण वाहकांचे पगार थकले म्हणून आपल्याकडं बस उभ्या राहिलेल्या आहेत आणि त्या दिवशी सातपूर-अंबडच्या शिफ्टला जाणाऱ्यांचे काय हाल होतात ते तुम्हालाच माहीत. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, तेव्हा मेट्रोची घोषणा परत होईल, निओ असो नाहीतर मोठी. झाली तर नगरसेवकाला, आमदाराला तीन गोष्टी विचारा मंडळी. डेपो कुठं होणार आणि त्यात मोटर उघडायची सोय आहे की नुसती धुवायची. सुटे भाग कुठून येणार आणि दहाव्या वर्षी त्याचे पैसे कोण देणार. आणि आपल्या आयटीआयच्या पोरांना ह्याचं ट्रेनिंग कधीपासून, कारण नाशिकरोडजवळ एकलहऱ्याच्या रेल्वे कारखान्यात मोटरी भरणारे हात चाळीसेक वर्षं आहेत, ते निवृत्त व्हायच्या आत हे ठरलं पाहिजे.