हेलिकॉप्टर नेमकं कुठे तोडायचं?

(पडद्यावर: जुना छापखाना, शिशाचे खिळे, जुळाऱ्याचे हात.)

ओळ भरत आली आणि ‘नॉलेज’ मावत नाही. जुळाऱ्याला शब्द तोडणं भाग आहे. अमेरिकन पद्धतीत ‘एल’ वरच्या ओळीत राहतो आणि ‘एज’ खाली जातं. ब्रिटिश पद्धतीत ‘नो’ म्हणजे ‘जाणणं’ हा मूळ शब्द अख्खा वर राहतो, ‘लेज’ खाली उतरतं. स्पेलिंग तेच. एक पद्धत कानाचं ऐकते, दुसरी मुळाचं.

कानाची बाजू घेतली नोआ वेब्स्टर या शिक्षकाने. १७८३ साली त्यांचं स्पेलिंगचं पुस्तक कनेटिकटमधल्या हार्टफर्डला निघालं. तोवर ‘हॅबिट’मधला ‘बी’ दुसऱ्या तुकड्यात टाकत. पहिल्यात उरे नुसतं ‘एच-ए’, आणि पोर ते ‘हे’ असं वाचणार! वेब्स्टरांनी ‘बी’ उचलून पहिल्या तुकड्यात आणला. हॅब-इट. तोंडी येतं तसंच कागदावर. शेवटच्या ‘टी-आय-ओ-एन’चे दोन तुकडे करत, तिथेही त्यांनी एकच ठेवला: शन.

(पडद्यावर: जमिनीवरून उठणारं हेलिकॉप्टर. पात्यांवर कॅमेरा स्थिर.)

पण कान मुळापर्यंत नेतोच असं नाही. बोलताना आपण म्हणतो हे-लि-कॉप-टर. त्यामुळे ‘हेली’ सुटा झाला आणि त्यातून हेलिपॅड निघालं. खरा सांधा मात्र ‘ओ’नंतर आहे: ‘हेलिको’ आणि ‘प्टर’. ग्रीकमध्ये ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र, ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. १८६१ मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह पाँतों द’आमेकूर यांनी ही जोडणी केली. टेरोडॅक्टिल या प्राचीन उडत्या प्राण्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला जो मुका ‘पी’ मुलांना छळतो, तोही याच पंखातला. एवढं एकदा सांगितलं, की तो ‘पी’ घोकावा लागत नाही. लांब शब्द शिकवताना कानाचे तुकडे आणि मुळाचे तुकडे, दोन्ही फळ्यावर यायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं.

(पडद्यावर: संगणकावर आपोआप तुटणाऱ्या ओळी.)

पुढे हे काम यंत्राकडे गेलं. १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक लिआंग यांनी आपल्या प्रबंधात अक्षरांच्या ४४४७ नमुन्यांवरून इंग्रजी शब्द तोडण्याची रीत मांडली. अर्थ नाही, उच्चार नाही, फक्त शेजारची अक्षरं. तरीही बहुतेक जागा बरोबर सापडतात. अडतं ते ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दापाशी. नाम असेल तर ‘सी’ पहिल्या तुकड्यात, क्रियापद असेल तर दुसऱ्यात. आणि ते ठरवायला अख्खं वाक्य वाचावं लागतं.