ह्याला पदर सांभाळता येतो

मंडळी, आधी जरा हात वर करा, ‘मोरूची मावशी’ हे नाटक थेटरात बसून कितीजणांनी बघितलंय? बरेच आहात. आणि फक्त मोबाईलवर? हां, तेही बरेच आहेत, आणि त्यातले निम्मे पंचविशीच्या आतले दिसतायत, ह्याचा मला मनापासून आनंद झाला. मला आज त्यातली मावशी करणाऱ्या विजय चव्हाणांवर बोलायला सांगितलंय. पण सुरुवात मी माझ्या मावशीपासून करणार आहे, कारण विजय चव्हाण काय चीज होते हे मला तिनं दाखवलं.

मी लालबागचा. भारतमाता सिनेमाच्या आजूबाजूच्या ज्या चाळींमध्ये विजय चव्हाण लहानाचे मोठे झाले तिथलाच, वयानं त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. ओळख नव्हती, मी उगाच ओळख सांगणार नाही. तर माझी सख्खी मावशी आमच्याच चाळीत तळमजल्यावर खाणावळ चालवायची. चौदा-पंधरा मेंबर, सगळे गिरणीतले, कुणी साताऱ्याकडचा, कुणी कोकणातला, पाळीप्रमाणे जेवायला येणार, पगाराला पैसे देणार. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, महिना गेला, दोन गेले, एकेक मेंबर गावाला निघून गेला आणि उधारी वहीत राहिली. मावशीनं ती वही फेकली नाही, ट्रंकेत खाली घालून ठेवली. कुणावर राग नव्हता तिचा, पण हसायची बंद झाली होती हे मात्र खरं, आम्हा पोरांनाही ते कळायचं.

आणि मग १९८५ साली ‘सुयोग’नं हे नाटक काढलं. सुधीर भटांच्या संस्थेची ती सुरुवात होती, दिग्दर्शन दिलीप कोल्हटकरांचं, संगीत अशोक पत्कींचं. नाटक तसं जुनंच, आचार्य अत्र्यांचं, मुळात ‘चार्लीज आंट’ ह्या १८९२ सालच्या इंग्रजी फार्सवरनं घेतलेलं, आणि अत्र्यांच्या वेळी मावशी करायचे बापूराव माने. म्हणजे नवीन काहीच नाही बघा. दोन तरुण पोरांना आपल्या मैत्रिणींना घरी बोलवायचंय, घरात कुणीतरी वडीलधारी बाई हवी, मोरूची श्रीमंत मावशी यायची ती वेळेवर येत नाही, मग मित्रालाच साडी नेसवतात, पुढे म्हातारे त्या मावशीच्या मागे लागतात, आणि तेवढ्यात खरी मावशी हजर. गोष्ट सगळ्यांना पाठ. तरी त्याचे दोन हजारांच्या आसपास प्रयोग झाले!

आमच्या घरी कुणीतरी परळच्या दामोदर हॉलची तिकिटं आणली. मावशी म्हणाली मी नाही येत. “बाप्याला लुगडं नेसवायचं आणि नाचवायचं, त्यात बघायचं काय?” तिचं बरोबरच होतं हो. शिमग्याला, गणपतीत, आमच्या गल्लीत पुरुष साड्या नेसून जे काही करायचे ना, छातीत दोन नारळ खुपसायचे, कंबर हलवायची, शिट्ट्या मारायच्या, ते बघून चाळीतल्या बायका दारं लावून घ्यायच्या, कारण त्यांना माहीत होतं की ही चेष्टा त्या साडीची नाही, आपली चाललीय. तरी आम्ही तिला ओढून नेलं.

पहिला अंक सुरू झाला. ती खुर्चीच्या टोकाला, अंग चोरून बसलेली, हातात पिशवी. मग साडीतले विजय चव्हाण आले आणि थेटर फुटलं. मी तिच्याकडे बघत होतो, ती हसली नाही. नुसती बघत राहिली, नवीन सून घरात कशी वावरते ते जुनी बाई बघते ना, तशी. आणि मग कुठल्यातरी एका क्षणी, फार मोठा विनोद पण नव्हता तो, त्यांनी बसता बसता पदर सावरला, गुडघे लांब झाले, मग लक्षात आल्यासारखं करून जवळ घेतले, आणि ह्या सगळ्यात चेहरा असा की जणू काही झालंच नाही. मावशीनं तोंडाला पदर लावला आणि ती हसायला लागली ती मध्यंतरापर्यंत थांबलीच नाही. मला म्हणाली, “ह्याला पदर सांभाळता येतो रे.” परळहून लालबागला चालत घरी येईपर्यंत तिनं हे दोनदा तरी म्हटलं असेल.

नंतर मी ते नाटक सात-आठ वेळा बघितलं, शिवाजी मंदिरला जास्त, आणि दर वेळी मला तिचं ते वाक्य आठवायचं. ते वाक्य म्हणजेच माझं आजचं सगळं म्हणणं आहे. आपल्याकडे पुरुषानं स्त्री पार्ट करायची परंपरा केवढी मोठी. बालगंधर्व होते, ते रंगमंचावर आले की बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकायच्या. तिथे नट पुरता बाई होऊन जायचा, पुरुष आहे हे प्रेक्षकानं विसरायचं. इथे उलटं आहे. इथे प्रेक्षकाला माहीत पाहिजे की हा आतला पुरुष आहे, घाबरलाय, केव्हा एकदा साडी फेडतो असं झालंय त्याला, आणि त्याच वेळी बाहेरची मावशी पण खरी वाटली पाहिजे, नाहीतर ते म्हातारे तिच्या मागे लागतील कशाला? म्हणजे एकाच अंगात दोन माणसं, आणि दोन्ही एकाच वेळी दिसायला हवीत. एक जरी निसटला की एक तर आचरटपणा होतो, नाहीतर फार्स थंड पडतो. विजय चव्हाण ह्या दोघांना वर्षानुवर्षं सांभाळत राहिले, रविवारचे दोन-दोन प्रयोग लागले तरी, डोक्यावर विग, अंगावर साडी, वर दिव्यांचा भट्टीसारखा उकाडा.

आणि प्रेक्षकाकडे बघून डोळा मारला नाही त्यांनी. ‘बघा हं, मी बाई झालोय, कसली गंमत’, असं सांगायची नटाला फार हौस असते, टाळ्या पण लगेच मिळतात. त्यांनी ती लाच घेतली नाही. ती मावशी त्यांच्यासाठी मानाची बाई होती. थोडी चिडकी, थोडी लाडिक, पण मानाची. म्हणून माझ्या मावशीला तिथे बसून हसता आलं, ती हसली ते स्वतःवर कुणी हसतंय असं न वाटता.

हा रोल त्यांच्याकडे आला कसा तेही सांगितलं पाहिजे, कारण त्यात मैत्री आहे. विजय चव्हाण रुपारेल कॉलेजचे. एकांकिकेत दुसऱ्या कुणाच्या जागी ऐनवेळी उभे राहिले आणि तिथून नाटकाचं वेड लागलं. विजय कदमांबरोबर काम केलं, मग पुरुषोत्तम बेर्डेंचं ‘टूरटूर’ आलं, त्यात लक्ष्मीकांत बेर्डे होते. आणि मोरूच्या मावशीसाठी नट शोधत होते तेव्हा लक्ष्मीकांतनंच ह्यांचं नाव सुचवलं. स्वतः विनोदी नट, एवढा मोठा रोल समोर, आणि म्हणतो की हा विजय करील. आज असं कोण करतं मला सांगा. त्याच नाटकात प्रदीप पटवर्धन आणि प्रशांत दामले, तिघांची ती धावपळ, दारातून एक आत की दुसरा बाहेर, सेकंदाचा हिशोब असायचा त्याला.

सिनेमाचं मात्र मला जरा वाईट वाटतं, स्पष्टच बोलतो. शेकड्यानं सिनेमे केले त्यांनी, पण बऱ्याच ठिकाणी त्यांना नुसतं ओरडायला लावलं, डोळे मोठे करायला लावले. तरी १९९३चा ‘झपाटलेला’ घ्या. सगळ्यांच्या लक्षात तात्या विंचू राहतो, लक्ष्या राहतो, पण त्यातला तो हवालदार पुन्हा एकदा बघा तुम्ही. दुसरा बोलत असताना हा माणूस काय करतोय ते बघा. साहेबांचं ऐकायचंय, भीतीही वाटतेय, आणि वर्दीची इज्जत पण राखायचीय. संवाद दुसऱ्याचा आणि हशा ह्याचा, आणि तरीही दुसऱ्याच्या वाक्यावर पाय न देता. चरित्र अभिनेता, कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणतो ना आपण, त्याची खरी कमाई ही, पोस्टरवर चेहरा छोटा असतो पण सीनचा तोल त्याच्या हातात असतो. पुढे केदार शिंदेंच्या ‘तू तू मी मी’त त्यांनी एकाच नाटकात किती माणसं उभी केली, आणि ‘श्रीमंत दामोदर पंत’मध्ये भरत जाधवसमोर जे वडील केले, त्यात तर मला त्यांचा सगळ्यात पिकलेला अभिनय दिसतो. मुलगाच बापाचा बाप असल्यासारखा बोलायला लागलाय, आणि ह्याला हसू येण्याऐवजी रडू येतंय की काय असा तो चेहरा. तिथे साडी नाही, विग नाही, लपायला काहीच नाही.

२०१८ साली सरकारनं त्यांना चित्रपती व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार दिला तेव्हा फुप्फुसांच्या आजारानं त्यांना पार थकवलं होतं, व्हीलचेअरवर आले होते. ज्या माणसाला मावशीच्या ‘टांग टिंग टिंगा’ गाण्यावर वन्स मोअर मिळायचा आणि जो तो पुन्हा पहिल्याइतक्याच जोरात द्यायचा, त्याला श्वास पुरत नव्हता. मे महिन्यात दिलीप कोल्हटकर गेले, आणि २४ ऑगस्टला, शुक्रवारी, विजय चव्हाण. वय फक्त ६३. लालबागमध्ये तेव्हा मंडपांची कामं चालू होती, गणपती तीन आठवड्यांवर, रस्त्यात बांबू पडलेले, आणि नाक्यावर चहाच्या टपरीपाशी एकजण दुसऱ्याला म्हणाला, “आपली मावशी गेली.” नाव घेतलं नाही, घ्यायची गरजच नव्हती. पुढे २०२२च्या ऑगस्टमध्ये प्रदीप पटवर्धन, २०२४च्या ऑगस्टमध्ये विजय कदम. लक्ष्मीकांत तर त्या आधीच, २००४ला. दामोदर हॉल पण आता बंद आहे. ऑगस्ट आला की मला कसंतरीच होतं.

माझी मावशी विजय चव्हाणांच्या आधी गेली. तिच्या ट्रंकेत ती उधारीची वही तशीच होती, आणि त्या वहीत, पानांच्या मध्ये, दामोदरच्या तिकिटाचा अर्धा तुकडा. मागच्या आकड्यांपाशी, जिथे शेवटच्या मेंबरचं नाव आहे, तिथेच. का ठेवला होता ते मी विचारायला हवं होतं, पण मला तिच्या हयातीत तो सापडलाच नाही.

बरं, आता ते दिवे घालवा जरा, आपण त्या गाण्याची क्लिप लावतोय. पायांकडे सगळेच बघतात, नाच आहेच तसा. तुम्ही ह्या वेळी पदराकडे बघा.