हरळीवरचा पहिला आठवडा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

जानेवारी म्हणजे आपल्याकडे मोहोराचे दिवस. बागेत पाऊल टाकलं की नजर आधी कलमांच्या शेंड्यांकडे जाते. मोहोर किती आलाय, तुडतुडा पडलाय का, थंडी टिकेल का. त्याच दिवसांत माझं अर्धं लक्ष मोबाईलवरही असतं, कारण अमेरिकेच्या पीजीए टूरचा, म्हणजे व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेचा, मोसम जानेवारीत हवाई बेटांवर सुरू होत आलाय. जहाजावर फिटर होतो तेव्हा मेसमधल्या टीव्हीवर हा खेळ पहिल्यांदा पाहिला. नोकरी संपली, खेळ काही सुटला नाही.

हवाईतल्या होनोलुलूचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. तिथली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आपली शनिवारची सकाळ. साडेआठ-नऊला मी पडवीत चहा घेऊन बसतो आणि लीडरबोर्ड, म्हणजे खेळाडूंचा क्रमतक्ता, खाली, अगदी खाली सरकवत नेतो. पुतण्या विचारतो, "काका, पहिला कोण आहे ते बघा की! तळाला काय शोधताय?"

तळाला कट असतो. स्पर्धा चार दिवसांची, रोज १८ होल, म्हणजे १८ भोकांत चेंडू घालायचा; ज्याचे फटके कमी तो वर. दोन दिवसांत ३६ होल झाले की पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे जितके असतील तितकेच पुढे खेळतात. बाकीचे बॅगा भरतात. बक्षिसाच्या रकमेत त्यांना वाटा नाही आणि प्रवास, मुक्काम, कॅडीचे, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचे, पैसे हे तर ज्याचे त्यालाच बघावे लागतात. त्यातून २०२५ च्या अखेरीपासून नियम कडक झाले. वर्षअखेरीच्या क्रमवारीत पूर्वी १२५ जणांचं टूर कार्ड, म्हणजे पुढच्या वर्षी खेळायचा हक्क, शाबूत राहायचं. आता १०० जणांचंच राहतं. खालच्या टूरवरून ३० जण वर यायचे, आता २०. होनोलुलूच्या सोनी ओपन स्पर्धेत १४४ जण खेळायचे, २०२६ मध्ये ती संख्या १२० वर आली. मला हे पटलेलं नाही. मोठ्या नावांना जागा मिळतेच, कापली जाते ती नव्या पोरांची. म्हणून मोसमाच्या आरंभी माझा जीव गुंततो तो नुकतंच कार्ड मिळवून आलेल्या मुलात. एका फटक्याने तो आत राहतो, एका फटक्याने बाहेर जातो.

आणि त्या मुलाची परीक्षा कुठे होते? हरळीवर! सोनी ओपनच्या वायलाए मैदानावर बर्म्युडा नावाचं गवत आहे. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. आपण गणपतीला दूर्वा वाहतो ना, तीच. तिचेच संकरित वाण अगदी बारीक कापून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर, राखतात. हरळी सरळ वर वाढत नाही, जमिनीसरशी एका अंगाला पसरत जाते. त्यामुळे पाती एका दिशेला झुकलेली असतात आणि त्या दिशेला चेंडू पळतो, उलट दिशेला अडखळतो. पातीच्या कलाने पाहिलं तर ग्रीन चकचकीत दिसतं, विरुद्ध बाजूने पाहिलं तर काळपट. चांगला खेळाडू पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका, मारण्याआधी भोकाच्या काठाशी जाऊन वाकून बघतो. एका बाजूची कड रेखीव असते, समोरची थोडी झडलेली, मुळं उघडी पडून तपकिरी झालेली. झडलेल्या बाजूकडे गवताचा ओढा. सहा फुटांच्या पटमध्ये एवढ्याने चेंडू काठाला लागून निसटतो. अंगणातली हरळी ज्याने कधी हाताने उपटली आहे, त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. समोर समुद्र, कडेला माड, त्यांच्या झावळ्या हलवणारा वारा. हे मैदान आपल्याला परकं का वाटावं? "हा श्रीमंतांचा खेळ, आपला काय संबंध?" असं मला अनेकदा विचारतात. खेळायला महाग आहे, खरं आहे. वाचायला मात्र तो आपल्या मातीतल्या माणसाला सोपा जातो.

याच वायलाएवर २००४ मध्ये मिशेल वी नावाची १४ वर्षांची मुलगी पुरुषांच्या स्पर्धेत खेळली. पहिल्या दिवशी ७२ फटके, दुसऱ्या दिवशी ६८. एका फटक्याने कट चुकला. कितीतरी कसलेले व्यावसायिक तिच्या मागे राहिले होते. त्या वर्षीचा विजेता कोण हे मला आठवून सांगावं लागतं, तिचे ते ७२ आणि ६८ मात्र तोंडपाठ आहेत.

आता एक दुःखाची गोष्ट. सोनी ओपनच्या आधीच्या आठवड्यात माउई बेटावर कापालुआला स्पर्धा होत असे. जुन्या अननसाच्या मळ्यांच्या जमिनीवर, डोंगरउतारावर वसलेलं मैदान, खाली समुद्र. २०२५ च्या जानेवारीत जपानच्या हिदेकी मात्सुयामाने तिथे पारच्या, म्हणजे मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, ३५ खाली खेळून टूरचा विक्रम केला. त्याच वर्षी दुष्काळ पडला, पाण्यावर निर्बंध आले, गवत करपलं. सप्टेंबरात मैदान बंद ठेवावं लागलं आणि २०२६ ची स्पर्धा रद्द झाली. त्या बेटाच्या डोंगरमाथ्यावर जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे! पण खाली पाणी येतं ते मळ्यांच्या काळातल्या पाटांनी, आणि त्या पाटांवरून वाद कोर्टात गेलेला. पावसाळ्यात पऱ्ये भरभरून वाहतात आणि मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पाटाच्या पाण्यावरून भावाभावांत बोलणं तुटलेली घरं मी माझ्या वाडीत पाहिली आहेत.

२०२६ मध्ये त्या आठवड्यात सवयीने सकाळी पडवीत बसलो, मोबाईल उघडला. लीडरबोर्ड नव्हता. चहा संपवला आणि माडांना पाणी लावायला गेलो. वायलाएला आणखी आठवडा होता.