लॉगबुकातला शेरा

मुख्याध्यापक वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसतात. फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंचा आवाज किंचित बदलतो. शाळा सदाशिव पेठेतली असो की हडपसरची, पाठ निरीक्षणाचा हा तास प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचा आहे.

तास संपला की लॉगबुकात, म्हणजे निरीक्षणाच्या नोंदवहीत, शेरा पडतो. ‘वर्गनियंत्रण हवे. टाचण अपूर्ण.’ एवढंच लिहून वही सहीसाठी पुढे सरकवली, तर शिक्षक टाचण, म्हणजे पाठाच्या तयारीची लेखी नोंद, पूर्ण ठेवायला शिकतो. पुढच्या निरीक्षणाला मुलांना आधीच येणारा धडा घेतो. त्यात धोका नसतो.

तेच मुख्याध्यापक मधल्या सुट्टीत समोर बसून म्हणाले, ‘बाई, अपूर्णांकांच्या बेरजेत मागची मुलं कुठे अडली असतील?’ तर? बोलणं मुलांवर येतं. अडचण लपवावी लागत नाही. बाई शेजारच्या तुकडीवरचा तास पाहायला जातात, आणि त्यांचा बदली तास मुख्याध्यापक स्वतः घेतात.

न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली शालेय नेतृत्वावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणाऱ्या, त्यात स्वतः सहभागी होणाऱ्या प्रमुखांचा.

स्वतः वर्गात उभे राहणारे प्रमुख पुण्यानं पाहिले आहेत. १८८० साली सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचा कारभार वामन शिवराम आपटे सांभाळत, आणि संस्कृतही शिकवत.

आता प्रश्न वेळेचा. शिक्षणहक्क कायदा शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ घड्याळी तास धरतो, तयारीसह. पण ‘माहिती आजच द्या’ असा निरोप ग्रुपवर येतो आणि तयारीचा ऑफ तास तक्ते भरण्यात जातो. जनगणना, निवडणुकीची कामं मुख्याध्यापकांना टाळता येत नाहीत. बाकीचे कागद मात्र ते आपल्या टेबलावर अडवू शकतात. मला हे अडवणं फार मोलाचं वाटतं.

अनुदानित शाळांत हे पद बहुधा सेवाज्येष्ठतेनं मिळतं. शिकवण्याचा दांडगा अनुभव असतो. पण सहकाऱ्याचा तास पाहून त्याच्याशी काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. त्यातले निम्मे तरी सभागृहात न घालवता वर्गाच्या शेवटच्या बाकावर आणि त्यानंतरच्या गप्पांत जावेत.