समुद्र होता, धक्का नव्हता

ही जुहूची धावपट्टी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन इथेच उतरले. आता इथे दिवसभर हेलिकॉप्टरांची घरघर. पण ऑगस्ट २०१४मध्ये इथून एक निराळं विमान निघालं, पाण्यावरही उतरणारं सीप्लेन. पोटाखाली होडीसारखे दोन फ्लोट, आणि त्या फ्लोटमध्ये दुमडून बसणारी चाकं.

विमान सेसना २०६. टॅक्सीत मावतील तेवढीच माणसं. कंपनी मुंबईची, मेहएअर. सोबत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ. पहिला मार्ग जुहू ते लोणावळ्याजवळची ॲम्बी व्हॅली. पुढच्या यादीत पवना, वरसगाव, धोम, मुळा. सगळी धरणंच. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या शहराचं सीप्लेन, आणि ते पाणी शोधायला घाट चढणार!

त्यालाही कारण आहे. धरणाचं पाणी गोडं आणि बरंचसं शांत. खाऱ्या पाण्यात उतरलं की विमान गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर धातू गंजतो. पावसाळ्यात तर आपल्या समुद्राचं नावच नको. आणि वैमानिकाला चाकांचा विसर पडून चालत नाही. धावपट्टीवर ती खाली हवीत, पाण्यावर वर. चाकं खाली ठेवून पाण्यात उतरलात, तर विमान नाकावर उलटू शकतं.

हे सगळं वैमानिकाला शिकवता येतं. अडतं ते जागेपाशी. पाण्यातला विमानतळ म्हटला की विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना आला. धरण असेल तर जलसंपदा खातं, मुंबईचा किनारा असेल तर बंदर, नौदल, पोलीस. चर्चगेटला लटकत जाणाऱ्यांनी गिरगाव चौपाटीहून उडायची स्वप्नं पाहिली खरी. चौपाटीचा थांबा काही सुरू झाला नाही. लोकलच बरी, म्हणायची वेळ आली.

अंदमानात मात्र पवनहंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीची ‘जलहंस’ ही सीप्लेन सेवा आधीच उडाली होती. डिसेंबर २०१०मध्ये तिचं उद्घाटन झालं ते या जुहूलाच.

डिसेंबर २०१७. गिरगाव चौपाटीसमोर एक कोडिअॅक विमान पाण्यावर उतरलं. स्पाइसजेटचं प्रात्यक्षिक, आत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी. असली शंभराहून अधिक विमानं घ्यायची भाषा झाली. कॅमेरे होते, बघ्यांची गर्दी होती.

चौपाटीवर आजही गणपती विसर्जनाचे तराफे लागतात. विमानाचा धक्का नाही.