‘हार्डन्ड’ कुलूप खरंच कापलं जात नाही का?

हे हॅक्सॉचं ब्लेड बघा. थांबा, कॅमेऱ्याजवळ आणतो. सकाळी कोरं करकरीत होतं. आता या मधल्या दोन इंचांत बोट फिरवलं तर दात लागतच नाहीत, सपाट झालेत. आणि हे ते कुलूप, ज्याने ब्लेडची ही गत केली. याच्या अंगावर काय, तर एक चकचकीत रेघ. वरचा मुलामा खरवडला गेलाय, बाकी जैसे थे.

नमस्कार मंडळी. आज आपण ठाण्यात वागळे इस्टेटला, माझ्या मित्राच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात आहोत. मागे जो खडखडाट चाललाय तो त्याचा, त्याला बंद करायला सांगायची माझी हिंमत नाही. कारण गेल्या महिन्यात त्यानेच मला सोडवलंय. माझ्या गाळ्याची किल्ली हरवली आणि डुप्लिकेट कुठे? गाळ्याच्या आत, ड्रॉवरमध्ये. हसा. कुलपाच्या दांडीवर ठसठशीत ‘हार्डन्ड’ कोरलेलं. घेताना दुकानदार म्हणाला होता, “साहेब, हे कापलं जाणारच नाही.” मित्र लोखंड कापायची चकती लावलेला ग्राइंडर घेऊन आला आणि समोरच्या टपरीवरचा चहा निवायच्या आत शटर वर.

मग दुकानदार खोटं बोलला का? तर नाही. अर्धवट बोलला.

कुलपाचा हा वरचा यू आकाराचा भाग, दुकानात त्याला शॅकल म्हणतात, मी दांडी म्हणतोय. लोहार कोयत्याला पाणी देतो ना, लालभडक करून बुडवतो? ‘हार्डन्ड’ म्हणजे मुळात तेच. पण मऊ लोखंडात कार्बन इतका कमी असतो की नुसतं पाणी देऊन ते कडक होत नाही. म्हणून दांडी ९०० अंशांच्या आसपास तापवून तिच्यात बाहेरून कार्बन मुरवतात आणि मग झटक्यात थंड करतात. हा कार्बन फार तर मिलिमीटरभर आत जातो. त्यामुळे साल कडक आणि गाभा चिवट. सगळीच दांडी काचेसारखी कडक केली तर हातोड्याच्या घावाने तडकेल. महागड्या कुलपांत बोरॉनचं पोलाद असतं. त्यात बोरॉन किती, तर शेकडा ०.००१ ते ०.००३. एवढ्याशा बोरॉनने जाड दांडीलाही आतपर्यंत पाणी चढतं.

कडकपणा मोजायचं रॉकवेल नावाचं माप आहे. हिऱ्याचं टोक १५० किलोच्या भाराने दाबायचं आणि किती रुतलं ते बघायचं. चांगल्या दांडीची साल ६०च्या आसपास भरते. हॅक्सॉचे चांगले दात ६३ ते ६५. म्हणजे उन्नीस-बीसचा फरक! कापायचं तर दात समोरच्यापेक्षा चांगलेच कडक लागतात, नाहीतर ते चावत नाहीत, घसरतात. सकाळी तेच झालं. घरी तपासायचं असेल तर दांडीच्या न दिसणाऱ्या टोकाला कानस लावा. चावली तर दांडी मऊ. मुलामा खरवडून कर्रर्र करत घसरली तर ‘हार्डन्ड’ खरं.

आता बोल्ट कटर. हा कापत नाही, हा अडकित्ता आहे. लांब दांडे, छोटे जबडे, दाबून तोडायचं. इथे कडकपणाइतकीच जाडी महत्त्वाची. दांडी ६ मिलिमीटरची १२ केली तर आतलं पोलाद दुप्पट नाही, चौपट होतं. मघाशी ६ची तोडली, ‘हार्डन्ड’ लिहिलेली होती तरी टक्कन गेली. १२ला लावला, तर हे बघा, दांडीवर नुसता वळ आणि कटरच्या जबड्यालाच खाच पडलीय. (कटर मित्राचा आहे. तो तिकडून बघतोय.) काही कुलपांत जबडा घुसायलाच जागा ठेवत नाहीत. शटरला लावतात ती गोल चपटी कुलपं बघा, दांडी जवळजवळ सगळी पोटात. आबुस या जर्मन कंपनीने असं गोल कुलूप १९४९मध्ये काढलं. मला विचाराल तर त्यातली कल्पना कुठल्याही पोलादापेक्षा भारी आहे.

आणि ग्राइंडर. इथे सगळं गणितच बदलतं. चकतीला दात नसतात, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, खनिजांच्या मोहस मापावर ९. हिरा १०. आमची ही ४ इंची चकती मिनिटाला ११,००० फेरे मारते, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. ब्लेडचा दात बोथट झाला की ब्लेड मेलं. चकतीचा कण बोथट झाला की गळून पडतो आणि खालचा नवा, धारदार कण पुढे येतो. चकती झिजते, पण बोथट होत नाही. त्यामुळे ग्राइंडरपुढे ‘हार्डन्ड’ शब्दाला फारशी किंमत उरत नाही. तिथे जाडी किती आणि काप किती, एवढंच. दांडी दोन्ही टोकांना अडकत असेल आणि फिरवून निघत नसेल तर दोन काप घ्यावे लागतात. पूर्वी निदान वायर ओढून आणावी लागायची, आता ग्राइंडर बॅटरीवर चालतो.

यावर उपाय शोधणारे आहेत. २०२०मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाने आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने प्रोटियस नावाचा पदार्थ मांडला. ॲल्युमिनियमचा फेस आणि त्यात सिरॅमिकच्या गोळ्या. चकती गोळीवर आदळली की थरथरते आणि स्वतःच झिजते. कल्पना सुचली ग्रेपफ्रूटच्या सालीवरून आणि ॲबलोनी नावाच्या शिंपल्यावरून. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचं पोर. पपनस सोलताना दमछाक होते ती उगीच नाही.

पण या सगळ्याआधी तुमच्या शटरपाशी खाली बसा आणि कुलूप ज्या पट्टीत अडकवता ती पट्टी बघा. साधं लोखंड, दोन टाके मारून वेल्डिंग, त्यात तीन पावसाळ्यांचा गंज. तिला कसलं पाणी दिलंय? युरोपात कुलपांना १ ते ६ श्रेणी देणारं ईएन १२३२० हे मानक आहे. ते कुलपाबरोबर कडी-कोयंड्यालाही लागू होतं. आपण मात्र भारी कुलूप घेतो आणि पातळ पत्र्यात अडकवतो.

मी काय केलं? पट्टी बदलून जाड घेतली, चारही बाजूंनी सलग वेल्डिंग. कुलपाभोवती जाड पाइपचा तुकडा जोडला, हात किल्ली घेऊन आत जाईल पण कटरचा जबडा किंवा चकती सहज शिरणार नाही इतकाच. खाली एक भोक ठेवायला सांगितलं, नाहीतर पावसाचं पाणी साचतं, कुलूप आतून धरतं आणि आपल्याच किल्लीने उघडत नाही. मित्राने याचे कुलपापेक्षा जास्त पैसे घेतले. कटरच्या खाचेचे अजून मागितलेले नाहीत.